परसांतील मांडव

परसदारीं चार खांब उभे करावे, त्यांवर दोन तुळया टाकाव्या, तुळयांवर आडव्या पट्ट्या ठोकाव्या आणि वर एखादा वेल चढवावा, एवढें साधें काम सुशिक्षित गृहस्थानें स्वतः करावें, कीं सुतारास बोलावून करवून घ्यावें? प्रश्न ऐकून पुष्कळांस हंसूं येईल. ज्याचें काम त्यानें करावें, हें उत्तर आमच्या समाजानें पिढ्यान्‌पिढ्या दिलें आहे. आणि आपलें काम आपण करावें, हें दुसरें उत्तरही आम्ही लहानपणापासून पाठ केलें आहे. दोन्ही उत्तरें पाठ असल्यामुळें दोहोंपैकीं एकाचाही विचार करण्याची वेळ सहसा येत नाहीं. मांडवाच्या निमित्तानें तो करून पाहूं.

प्रथम काम काय आहे तें नीट ध्यानांत घ्यावें. मांडव 12 फूट लांब व 9 फूट रुंद धरला, तर चार कोपऱ्यांवर खुंट्या मारून त्यांना दोरी लावावयाची. समोरासमोरच्या बाजू सारख्या भरल्या म्हणजे चौकट काटकोनी झाली असें डोळ्यांस वाटतें. परंतु तेवढ्यानें तसें ठरत नाहीं. एका कोपऱ्यापासून तिरप्या कोपऱ्यापर्यंतचें अंतर दोन्हीकडून मोजावें. दोन्ही कर्ण नेमके 15 फूट भरले, तरच कोपरे खरे. खांब सागाचा किंवा ऐनाचा, सुमारें दहा फुटांचा घ्यावा; त्यांतील अडीच फूट जमिनींत जावयाचा म्हणून तेवढ्या भागास डांबर फासावें, नाहींतर वाळवीस आमंत्रण दिल्यासारखें होईल. खांब सरळ उभा आहे कीं नाहीं हें एका बाजूनें पाहून कळत नाहीं. लगतच्या दोन्ही अंगांस ओळंबा धरावा लागतो. चारही माथे एका पातळींत आले, हें पाण्याच्या नळीनें पाहावें. मग खांबांच्या माथ्यांशीं खांचा पाडून तुळया बसवावयाच्या, म्हणजे भार नुसत्या खिळ्यांवर न राहतां लाकडावर पडतो. यानंतर पट्ट्या ठोकणें हें काम पोरांसही जमण्यासारखें आहे.

इतकें झालें तरी मांडव पुरा होत नाहीं. पुण्यास मे महिन्याच्या मध्यास सूर्य भर दुपारीं अगदीं डोक्यावर येतो. त्या वेळीं पट्ट्यांची सावली म्हणजे जमिनीवर ओढलेल्या रेघा. खरी सावली मधुमालतीनें किंवा कृष्णकमळानें द्यावयाची असते, आणि तिच्यासाठीं पाऊस व काळ यांची वाट पाहावी लागते. भाजीच हवी असेल, तर दुधी किंवा तोंडली तेथें आनंदानें चढेल.

आतां 9, 12 आणि 15 या आंकड्यांकडे वळूं. 3, 4 व 5 यांचीच ही तिप्पट होय. या बाजूंचा मेळ आपस्तंबाच्या शुल्बसूत्रांत यज्ञवेदी आखण्याच्या संदर्भांत आलेला आहे, आणि आमच्या पूर्वजांस ही विद्या अवगत होती असें सांगतांना आमची छाती फुगते. परंतु शुल्ब म्हणजे दोरी. ज्यांच्या हातांत दोरी होती, त्यांच्यासाठीं तें शास्त्र होतें. आम्ही शास्त्र ठेवलें आणि दोरी खालीं टाकली. ती ज्यानें उचलली त्याचें नांवही पाहण्यासारखें आहे. ‘सुतार’ हा शब्द ‘सूत्रधार’ यावरून आला. तोच मूळ शब्द रंगभूमीवर मानानें मिरवत राहिला. इकडे त्याचेंच झिजलेलें रूप धारण करणारा मनुष्य बलुत्याच्या धान्यावर आमच्या ओटीच्या पायरीपाशीं उभा राहिला. त्याच्याकडून आम्ही काम घेतलें, परंतु मत कधीं विचारलें नाहीं.

म्हणून स्वतः मांडव घालावा, असें कोणी म्हणेल, तर त्यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा कीं, सुखवस्तु माणसानें हौसेखातर सुताराचें काम केलें, म्हणजे सुताराच्या पोटावर पाय दिला. लहान गांवांत, जेथें एखाद्याचें घर महिन्याच्या चार-दोन कामांवर चालतें, तेथें हा आक्षेप खरा आहे, आणि तेथें हौसेनें मागें सरावें हेंच योग्य. मात्र आज सुताराचा खरा प्रतिस्पर्धी हौशी गृहस्थ नसून कारखान्यांतून तयार होऊन येणारा लोखंडी सांगाडा आहे. दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. रविवारीं करवत धरणारा मनुष्य सोमवारीं आपणास श्रमिकांत गणूं लागतो. ज्यास काम सोडून देतां येतें त्याचे श्रम आणि ज्यास तें सोडतां येत नाहीं त्याचे श्रम, हे एक नव्हेत. हाताला आलेला एक फोड ही समता नव्हे.

स्वावलंबनाचा विषय निघाला म्हणजे थोरोचें नांव येतेंच. 1845 सालीं मॅसॅच्युसेट्समधील कॉनकॉर्डजवळ, वॉल्डन तळ्याकांठीं, त्यानें 10 फूट रुंद व 15 फूट लांब झोपडी बांधली, आणि खर्च 28 डॉलर साडेबारा सेंट आला असा हिशेब पुढें 1854 मध्यें पुस्तकांत छापला. पण त्याच पुस्तकांत त्यानें हेंही नमूद केलें आहे कीं, पहिली कुऱ्हाड उसनी आणलेली होती आणि झोपडीची चौकट उभी करतांना परिचितांनीं हात लावला होता. स्वतःच्या हातानें केलेल्या कामांतही दुसऱ्याचे हात असतातच. कुऱ्हाड परत करतांना ती आणली तेव्हांपेक्षां अधिक धारदार होती, असें तो लिहितो. त्या हिशेबापेक्षां हें एक वाक्य आम्हांस मोलाचें वाटतें.

मग हातानें काम करण्यांत नीति कोठें आहे? आमच्या मतें ती पैशांच्या बचतींत नाहीं आणि अभिमानांतही नाहीं. ती न्यायाधीशाच्या स्वरूपांत आहे. लेखणीवर जगणाऱ्या वर्गाची बहुतेक कामें अशीं असतात कीं, चुकलें तर समर्थन करतां येतें. शब्द फिरवतां येतो, दोष परिस्थितीवर घालतां येतो. ओळंब्यापुढें यांतलें कांहींच चालत नाहीं. खांब कलला असेल तर तो कलला आहे, मग तो रोवणारा पदवीधर असो वा निरक्षर. 1937 च्या ऑक्टोबरांत वर्ध्याच्या शिक्षण परिषदेनें उत्पादक हस्तव्यवसाय हा शिक्षणाचा मध्यबिंदु असावा असा ठराव केला. ठरावास आमच्या वर्गानें माना डोलावल्या. परंतु परीक्षा जवळ येतांच मुलाचा पहिल्यानें कोणता तास बुडतो, हें घरोघरीं ठाऊक आहे. ज्या मुलानें वादविवादानें न बदलणारी एकही वस्तु हाताळली नाहीं, त्यास सत्य हें केवळ बहुमताचें दुसरें नांव वाटूं लागलें, तर दोष कोणाचा?

तेव्हां शक्य असेल त्यानें एकदां तरी मांडव स्वतः घालावा, आणि मुलांस दोरीचें एक टोक धरावयास द्यावें. जवळपास जाणता सुतार असेल, तर त्यास त्याच्या दिवसाची पुरी मजुरी देऊन शिकविण्यास बोलवावें. मग पोटावर पाय येण्याचा प्रश्न उरत नाहीं, आणि मत विचारण्याची जुनी बाकीही थोडीशी फिटते. मात्र या कामाची परीक्षा मांडव किती डौलदार दिसतो यावरून होणार नाहीं. पुढच्या वर्षीं दाराची चौकट बदलावयाची वेळ येईल, सुतार आपली मजुरी सांगेल, आणि आम्ही संवयीप्रमाणें ती निम्म्यावर आणण्यास तोंड उघडूं. त्या क्षणीं खांबाच्या माथ्याशीं खांच पाडण्यास लागलेली दुपार आठवून तोंड मिटलें, तर आमचें काम साधलें असें समजावें. तें तसें मिटलें नाहीं, तर परसांत वेलास एक चांगला आधार झाला, एवढाच त्या श्रमांचा अर्थ राहील.