खूण तुझी तू पाड

मु. पो. पुसेगाव, ता. सेनगाव, जि. हिंगोली

चि. भाच्यास,

परवा फोनवर तू विचारलंस, "मामा, जीपमध्ये ऑइल किती लिटर टाकू?" मी आकडा सांगितला नाही म्हणून तू जरा फुगलेला दिसलास. अरे बाबा, तो आकडा कुणालाच ठाऊक नाही. ज्याने तुला जीप विकली त्यालाही नसणार. गाडी मूळची पेट्रोलवरची, तिच्यात प्यूजोचं डिझेल इंजिन, खालचं ऑइलचं चेंबर पुढच्या अॅक्सलच्या हाउसिंगला लागत होतं म्हणून कापून वेल्डिंग केलेलं, आणि डिपस्टिक भलत्याच इंजिनाची. अशा गाडीचं पुस्तक कुठलीच कंपनी छापत नाही. फोनवर हे सांगून भागलं नसतं, म्हणून लिहायला बसलो.

आपल्या भागात अशा गाड्या पुष्कळ झाल्या. महिंद्राच्या जुन्या जीपला हरिकेन हे 2.2 लिटरचं पेट्रोल इंजिन असायचं. गाडी दणकट, पण प्यायला जबर. हिंगोली-सेनगाव-रिसोड अशा फेऱ्या मारणाऱ्या काळी-पिवळीवाल्याला ते कसं परवडावं? मग कुणी प्यूजोचं एक्सडीपी 4.90 बसवलं, तर कुणी बजाज टेम्पोच्या मॅटाडोरमधलं ओएम 616, म्हणजे मर्सिडीजच्या परवान्यावर इथे बनलेलं. तुझ्या इंजिनाच्या नावातला 4 म्हणजे चार सिलिंडर आणि 90 म्हणजे बोअर, मिलिमीटरमध्ये. एकूण 2112 सीसी. महिंद्राने हेच इंजिन पुढे स्वतःच्याच जीपमध्ये दिलं, त्यामुळे ते जीपला परकं नाही. पण कारखान्यात चासी, फाउंडेशन आणि चेंबर एकमेकांशी जुळवून घेतलेली असतात. गॅरेजमध्ये ते जुळवतो वेल्डर, आणि वेल्डर बघतो जागा. ऑइलचा विचार त्याच्या डोक्यात नसतो.

आता तुझी डिपस्टिक खोटं कसं बोलते ते बघ. समज, चेंबर 60 सेंटिमीटर लांब आणि 20 रुंद आहे. नवं फाउंडेशन बनवताना इंजिन मूळ बैठकीपेक्षा तीन अंश मागे झुकलं. तीन अंश डोळ्याला दिसतसुद्धा नाहीत. पण चेंबरच्या दोन टोकांत ऑइलच्या उंचीचा फरक पडतो तीन सेंटिमीटरहून जास्त. डिपस्टिक एका टोकाला उतरत असेल तर मधल्या पातळीपेक्षा ती दीड सेंटिमीटर चुकीचं दाखवणार. त्या चेंबरात दीड सेंटिमीटर म्हणजे पावणेदोन लिटरच्या पुढे. फुलच्या खुणेला ऑइल लागलेलं बघून माणूस निर्धास्त गाडी हाकतो आणि आत दोन लिटर कमी असतं, किंवा जास्त. चेंबर कापलेलं असेल तर तो घोळ वेगळाच.

म्हणून खुणेवर विश्वास न ठेवता इंजिनालाच विचारायचं. त्याच्या दोनच अटी असतात. वर क्रँक ऑइलात बुडता कामा नये, आणि खाली, पंप जिथून ऑइल ओढतो त्या स्ट्रेनरचं तोंड कधीही उघडं पडता कामा नये. या दोन्हींच्या मध्ये ऑइल कुठेही असलं तरी चालतं. डिपस्टिकवरच्या फुल आणि लो या खुणा म्हणजे याच दोन अटी, कुणीतरी आधी मोजून ठेवलेल्या. तुझ्या गाडीत त्या कुणी मोजल्या नाहीत, म्हणून तुला मोजायच्या आहेत.

चेंबर एकदा खाली उतरव. गास्केट नवीन आण, जुनं परत लावायचा मोह धरू नकोस. क्रँक हाताने फिरव आणि ब्लॉकच्या गास्केटच्या पट्टीपासून क्रँकचं वजन किंवा बिगएंड सगळ्यात खाली कुठवर येतं ते पट्टीने मोज. तिथून आणखी दोन-अडीच सेंटिमीटर खाली तुझी फुलची पातळी. मग स्ट्रेनरचं तोंड किती खोल आहे ते मोज आणि त्याच्या वर निदान तीन-चार सेंटिमीटर ऑइल राहील तिथे लो धर. गाडी सपाट फरशीवर, चारही टायरांत सारखी हवा. ब्लॉकच्या गास्केटच्या पट्टीला गवंड्याची लेव्हल लावून इंजिन किती झुकलंय ते बघ; आता मोबाइलमध्येही कोन कळतो म्हणे. मग चेंबर टेबलावर तेवढ्याच कोनात पाचर लावून ठेव आणि मापाने ऑइल ओतत जा. क्रँकचं जे टोक आधी बुडेल तिथली मर्यादा धरायची, मधली नाही. लोपर्यंत किती लिटर आणि फुलपर्यंत किती, दोन्ही लिहून ठेव.

चेंबर चढव, नवा फिल्टर लाव आणि लोच्या मापापेक्षा लिटरभर जास्त ऑइल घाल. स्टॉपची केबल ओढून धर आणि प्रेशर दिसेपर्यंत नुसता स्टार्टर मार, मधे थांबत थांबत. मग इंजिन चालू कर आणि पाच मिनिटं सावकाश चालू दे. फिल्टर, ऑइल कूलर आणि आतल्या नळ्या आपला वाटा घेतात आणि बंद केल्यावर तो सगळा परत चेंबरात येत नाही. म्हणून फिल्टर आणि कूलरमध्ये किती जातं ते फुलच्या मापात मिळवायचं. दहा मिनिटं थांब, राहिलेलं घाल, डिपस्टिक टाकून काढ आणि जिथे ओलं दिसेल तिथे त्रिकोणी कानशीने बारीक खाच पाड. खोल पाडलीस तर डिपस्टिक तिथेच मोडेल. लोची खूणही तशीच. जुन्या खुणा घासून टाक, नाहीतर उद्या दुसरा कुणी त्याच बघेल.

जास्त घातलं तर काय बिघडतं, हे विचारणारे मला फार भेटले. क्रँक ऑइलाला फेटायला लागला की फेस होतो, पंप फेस ओढतो, आणि फेसाने बेअरिंग वाचत नाही. सील गळायला लागतात ते वेगळंच. डिझेल इंजिनात याहून वाईट म्हणजे ब्रीदरमधून ऑइल इनटेकमध्ये ओढलं जातं आणि इंजिन डिझेलऐवजी ऑइलावर पळू लागतं. मग स्टॉपची केबल ओढून काही होत नाही, कारण बंद झालेलं असतं डिझेल. अशा वेळी एअर क्लीनरच्या तोंडावर जाड फळी दाबून हवा बंद करायची. हात लावायचा नाही, तो ओढला जातो. (शेतातल्या काही जुन्या एक-सिलिंडर इंजिनांत बिगएंडला चमचा असतो आणि तो मुद्दाम ऑइल उडवतो. ते पाहून कुणी तुला "क्रँक बुडलेला बरा" म्हणालं तर ऐकू नकोस. तो चमचा तेवढ्यासाठीच असतो.)

कमी पडलं तर घाट ते दाखवून देतो. पुसेगावच्या सपाट रस्त्यावर महिनोन्महिने काही कळणार नाही. तू पुण्याहून ताम्हिणीने कोकणात उतरलास की उतारावर आणि वळणावर ऑइल एका बाजूला जाईल, स्ट्रेनर हवा ओढेल, लाल दिवा मिणमिणेल. दिवा लागेपर्यंत प्रेशर जवळजवळ संपलेलं असतं. म्हणून त्याच्या शेजारी काटा असलेलं प्रेशर मीटर बसव. चेंबर उघडलंयस तोवर ऑइलाला असं एका बाजूला जाऊ न देणारी आडव्या पत्र्याची पट्टी आत आहे का तेही बघ. कापाकापी करणारे ती बरेचदा काढून फेकतात. नसेल तर वेल्डरकडून घालून घे.

नव्या खुणेवर पहिले काही दिवस रोज सकाळी, इंजिन गार असताना बघ. कमी होत असेल तर गळती शोध. वाढत असेल तर मात्र गाडी चालवूच नकोस. ऑइल आपोआप वाढत नाही. फीड पंपाचा पडदा फाटून डिझेल उतरत असेल तर पातळ होतं आणि वास येतो. हेड गास्केटमधून पाणी येत असेल तर दुधाळ दिसतं.

ऑइल 15डब्ल्यू-40 चालेल. त्यातला 40 हा 100 अंश सेल्सियसला मोजलेल्या दाटपणाचा वर्ग आहे, आपल्या मे महिन्याशी त्याचा संबंध नाही. ऊन वाढलं म्हणून आणखी दाट घालायला जाऊ नकोस.

आणि एक, कागद. आरसी बुकावर इंधन आणि इंजिन नंबर आत्ताच्या इंजिनाचा आहे का ते आधी बघ. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरटीओच्या परवानगीशिवाय असे बदल चालत नाहीत, आणि 9 जानेवारी 2019ला सर्वोच्च न्यायालयानेही मूळ बनावटीत मनमानी फेरफार करता येणार नाहीत असं बजावलं आहे. विकणारा "सगळं क्लिअर आहे" म्हणतो, ते सगळेच म्हणतात.

लोचे लिटर, फुलचे लिटर, फिल्टरसह एकूण आणि तारीख, एवढं पत्र्याच्या पट्टीवर ठोकून बॉनेटच्या आतून रिवेट मार. मापं घेतलीस की मला फोटो पाठव, इंजिनात ऑइल ओतायच्या आधी. तुझ्या आईला आशीर्वाद सांग.

तुझा
मामा