पाच याद्या

कारखान्याच्या दप्तरी तो शेतकरी पाच ठिकाणी होता, आणि त्यांतल्या चार ठिकाणी अजून जिवंत होता.

त्याच्या बायकोनं वारसाची कागदपत्रं शेतकी ऑफिसात दिली होती, तिथं नाव बदललंही होतं. पण उसाचं बिल निघायचं अकाउंट विभागातून. त्यांच्या यादीत नाव जुनं, बँकेचं खातंही जुनंच. मृत्यूचा दाखला पोचल्यावर बँकेनं ते खातं गोठवलेलं, त्यामुळे बिल गेलं तसं परत आलं. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळायला हवेत, नाहीतर वर्षाला १५ टक्के दरानं व्याज द्यावं लागतं. बाईंच्या उसाची साखर होऊन पोत्यात गेली होती. त्या मात्र शेअर विभाग, शेतकी, अकाउंट अशा खिडक्या फिरत शेवटी ईडीपीच्या दारात आल्या. साखर कारखान्यात संगणक विभागाला अजूनही ईडीपीच म्हणतात.

"शेतकीवालं म्हणत्यात, आमच्याकडं नाव फिरलंय. अकाउंटवालं म्हणत्यात, आमच्याकडं आलंच न्हाई. मग वाटंत कुठं अडकलंय म्हणायचं?"

ईडीपीच्या मॅनेजरना चेअरमनपासून शिपायापर्यंत सगळे आण्णाच म्हणत. त्यांनी बाईंना खुर्ची दिली, चारही ठिकाणी फोन लावले आणि नाव हातानं बदलून घेतलं. काम झालं. पण बाईंचा प्रश्न बिनतोड होता आणि आण्णांकडे त्याचं धड उत्तर नव्हतं.

वजनकाट्याचा प्रोग्राम जुन्या फॉक्सप्रोतला, शेतकीचा त्यानंतरचा, ऊसबिलाचा पुण्याच्या एका कंपनीनं केलेला, शेअर विभागाचा निराळाच, आणि खत दुकानाचा तर एका सभासदाच्या मुलानं कॉलेजात असताना लिहून दिलेला. प्रत्येकाकडे शेतकऱ्यांची स्वतःची यादी. रात्रपाळीचा ऑपरेटर पेन ड्राइव्ह खिशात घालून एकीकडच्या फायली दुसरीकडे पोचवायचा. पाच प्रोग्राम म्हणजे दहा जोड्या. माहिती दोन्ही बाजूंनी जायची तर वीस वाटा. त्यांतल्या निम्म्या कुणी नि कशासाठी पाडल्या हे सांगू शकणारी माणसं रिटायर झाली होती.

उन्हाळ्यात एक कन्सल्टंट आले. त्यांच्या स्लाइडवर मधोमध एक जाड आडवी पट्टी होती आणि पाचही विभाग तिला लोंबत होते. ह्या पट्टीला ते 'सर्व्हिस बस' म्हणत. ज्याला काही कळवायचं असेल त्यानं निरोप बसवर टाकायचा, ज्याला हवा त्याच्यापर्यंत ती नेणार, दोघांची मांडणी वेगळी असली तर वाटेत बदलूनही देणार. वीस वाटांच्या जागी फक्त पाच. सगळ्या प्रकाराला सर्व्हिस ओरिएंटेड आर्किटेक्चर असं भारदस्त नाव. चेअरमनना पट्टी आवडली. संचालक मंडळानं खर्च मंजूर केला आणि दसऱ्याला बॉयलर पेटायच्या आत सर्व्हर बसला.

हंगामाच्या तिसऱ्या आठवड्यात खत दुकानातल्या पोरानं एकाच गावच्या तीन शेतकऱ्यांचा एक शेतकरी केला. तिघांचं नाव एक, वडिलांचं नाव एक, आडनाव एक. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत असलेल्या भावकीत असे तिघे सहज सापडतात. पोराच्या मते ही यादीची साफसफाई होती. पूर्वी ही चूक पेन ड्राइव्हमधून रेंगाळत गेली असती आणि वाटेत कुणीतरी ओरडलं असतं. बसनं ती मिनिटाच्या आत पाचही याद्यांत घडी न मोडता पोचवली. पंधरवड्याच्या बिलात तिघांचा ऊस एकाच खात्यावर चढला, तिघांच्या खताची कपातही त्याच खात्यातून झाली. बिलवाटप थांबवावं लागलं.

कन्सल्टंट म्हणाले, निरोप तर बरोबर पोचला. ते खोटं नव्हतं.

हे काही ऊसपट्ट्यातच घडतं असं नाही. गार्टनर कंपनीच्या रॉय शुल्टी आणि येफिम नातिस यांनी १९९६ साली सर्व्हिस ओरिएंटेड आर्किटेक्चरची कल्पना ह्याच नावानं मांडली, पुढे मोठमोठ्या बँकांनी आणि विमा कंपन्यांनी तिच्यावर पाण्यासारखा पैसा ओतला. २००९ च्या जानेवारीत ॲन थॉमस मानेस या विश्लेषक बाईंनी तिचा चक्क मृत्युलेख लिहिला. कुठली बस चांगली ह्या वादात लोक रमले आणि सर्व्हिस म्हणजे काय तेच विसरले, असा त्यांचा रोख होता. नाव मेलं तरी सर्व्हिसची गरज उरणारच, हेही त्यांनी त्याच लेखात म्हटलं होतं. मृत्युलेखाचा पहिला भाग गाजला, दुसरा फारसा कुणी वाचला नसावा.

आण्णांनी सगळ्या खातेप्रमुखांना एकत्र बसवलं आणि विचारलं, "शेतकऱ्याचं नाव आणि बँक खातं, ही माहिती कुणाची?"

पाचहीजण म्हणाले, आमची.

"बरं. ती चुकली तर शेतकऱ्याला उत्तर कोण देणार?"

आता प्रत्येकानं दुसऱ्याकडे बोट केलं. आण्णांनी हे दोन्ही प्रश्न आणि त्यांची उत्तरं वहीत शेजारीशेजारी लिहून ठेवली.

ईडीपीत नुकतीच लागलेली एक प्रोग्रामर कोपऱ्यात बसली होती. ती म्हणाली, "सर, ॲमेझॉनमध्ये २००२ च्या सुमारास जेफ बेझोसनी फर्मान काढलं होतं. तिथं काम केलेल्या स्टीव्ह येगींनी २०११ साली लिहिलंय. कुठल्याही टीमनं दुसऱ्या टीमच्या डेटाबेसमध्ये थेट हात घालायचा नाही. हवं ते तिच्या सर्व्हिसकडे मागायचं. ऐकणार नाही त्याला नारळ."

"तिथं फर्मान काढणारा एक होता, पोरी. आपल्याकडं सभासद तितके मालक. इथं पटवावं लागतं." मग खातेप्रमुखांकडे वळून ते म्हणाले, "सातबारा कुणाकडं असतो? तलाठ्याकडं. बँकेला लागला तर बँक उतारा मागते. बँकेत बसून कुणी फेरफार करतं का? आणि उताऱ्यावर तारीख असते. जुना घेऊन गेलं तर नवा आणा म्हणत्यात. आपल्याकडं मात्र पाच तलाठी झाल्यात, आणि आपण पाचांच्या मध्ये महागडा पोस्टमन नेमलाय."

संध्याकाळपर्यंत वाटणी झाली. नाव, वारस, बँक खातं शेतकीकडे. शेअर विभागाला हे रुचलं नाही; पण बिगर सभासदही ऊस घालतात आणि त्यांची नोंद शेतकीतच होते, ह्यावर त्यांना बोलता येईना. वजन काट्याचं, शेअर्स शेअर विभागाचे, उधारी दुकानाची, दर आणि कपातीचा हिशेब अकाउंटचा. प्रत्येकानं एकेक पान लिहून दिलं: आमच्याकडे काय मागता येईल, मागताना काय द्यावं लागेल, किती वेळात मिळेल, नाही मिळालं तर काय करायचं, आणि चुकलं तर कुणाला धरायचं. ही पानं आधी मराठीत लिहिली गेली, प्रोग्राम नंतर. शेवटच्या ओळीत खात्याचं नाव चालणार नाही, माणसाचा हुद्दा हवा, एवढ्या एकाच गोष्टीवर आण्णा अडून बसले.

खरं भांडण झालं ते काट्यावर. प्रोग्रामरनं आखणी केली होती ती अशी: गाडी काट्यावर आली की काट्याचा प्रोग्राम शेतकीला विचारणार, हा ऊस कुणाचा? उत्तर आलं की वजन नोंदणार. कागदावर एकदम स्वच्छ.

काट्यावरचे जुने क्लार्क आखणी बघून म्हणाले, "आणि शेतकीची लाइन गेली तर?"

"तर थोडा वेळ थांबायचं, काका."

"माझ्या काट्यावर बैल उभे असत्यात, मॅडम. मागं ट्रॅक्टरची रांग रस्त्यापर्यंत. ऊस उन्हात वाळतो, वजन घटतं, साखरेचा उतारा घटतो, आणि शिव्या मला बसत्यात. तुमचा सर्व्हर थांबंल, गव्हाण थांबत न्हाई."

ती रात्री काट्यावर जाऊन बसली. पहाटे तीनपर्यंत गाड्या बघितल्या. तेव्हा तिच्या ध्यानात आलं की काट्याला शेतकऱ्याचं नाव लागतच नाही. गाडीवाल्याच्या हातात तोडणीची चिठ्ठी असते, तिच्यावर नंबर असतो. चिठ्ठीचा नंबर, गाडीचा नंबर, भरलेलं वजन, रिकामं वजन, वेळ, बस्स. नाव इतकी वर्षं तिथं होतं ते कुणीतरी कधीतरी पावतीवर छापायला मागितलं म्हणून. काट्यानं वजन करायचं आणि ते रांगेत ठेवून मोकळं व्हायचं. शेतकीची लाइन आली की रांगेतल्या नोंदी एकेक करून पलीकडे जातील, चिठ्ठीवरून नाव तिकडे जुळेल. लाइन तासभर गेली तरी बैल तासभर उभे राहणार नाहीत. आता काटा यादी जवळ न ठेवताही चालतो आणि शेतकी बंद असतानाही चालतो. ह्या दोन गोष्टी एकदम साधणं हे ह्या विद्येतलं खरं अवघड काम आहे, आणि ते कुठल्याही पेटीत मिळत नाही. फॉक्सप्रोही कुणी काढला नाही. त्याच्यापुढे एक छोटा प्रोग्राम बसवला, जो बाहेरच्यांशी नव्या रीतीनं बोलतो आणि आत जुन्याकडून काम करून घेतो.

नंतरच्या अडचणी किरकोळ होत्या. पहिल्या बिलाला प्रत्येक खेपेसाठी तीनतीन प्रश्न विचारले गेले आणि हिशेब उजाडेपर्यंत चालला; मग गटवार, अख्ख्या पंधरवड्याचं एकदम मागायचं ठरलं. शेतकीला मध्येच शेतकऱ्याचा नंबर लांब करायचा होता. पानावर तसं नव्हतं, म्हणून हंगाम संपेपर्यंत जुना नंबरही चालू ठेवावा लागला. शेतकीचे साहेब कुरकुरले. आण्णांनी त्यांना त्यांचीच सही दाखवली.

सर्व्हर अजून तिथंच आहे. रांगेतले निरोप तोच नेतो, आणि चांगला नेतो.

एप्रिलमध्ये पट्टा पडला, हंगाम संपला. पुढच्या हंगामाच्या तयारीची बैठक बसली तेव्हा आण्णांनी वहीतलं नवं पान उघडलं. तोडणी-वाहतुकीच्या मुकादमांची यादी अजून तीन ठिकाणी होती: करार शेतकीकडे, उचल अकाउंटकडे, डिझेलची उधारी पंपावर. एकच मुकादम तिन्हीकडे थोड्या वेगळ्या नावानं. उचल घेऊन टोळी न आणणारे त्यांत बरेच होते, आणि कुणाला कुणाच्या शिफारशीनं उचल मिळाली हे खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

"मुकादमांची माहिती कुणाची?" आण्णांनी विचारलं.

ह्या वेळी एकानंही 'आमची' म्हटलं नाही. पंपावरचा माणूस मोबाइल बघू लागला. शेतकीच्या साहेबांनी अकाउंटकडे पाहिलं, अकाउंटनं एका संचालकांकडे, आणि संचालकांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे.

"आण्णा," चेअरमन म्हणाले, "हा विषय पुढच्या मीटिंगला घेऊ."