चिलखत आणि चौकी

हरिहरेश्वराच्या मंदिरामागील खडकांवर उभें राहून समुद्र पाहणाऱ्यास भयाची आठवण सहसा होत नाहीं. परंतु 18 ऑगस्ट 2022 रोजीं याच किनाऱ्यास एक निर्मनुष्य नौका लागली आणि तींत तीन एके-47 रायफली सांपडल्या. ती खवळलेल्या समुद्रांत खलाशांनीं सोडलेली ऑस्ट्रेलियन मालकाची नौका होती, असा खुलासा सरकारनें त्याच दिवशीं केला. तोंपर्यंत भय मात्र सर्वत्र पोंचलें होतें.

अशा भयावर यंत्रविद्येनें शोधलेला एक उपाय म्हणजे चिलखती मोटार. बाहेरून ती इतर मोटारींसारखीच दिसते. पण तिच्या दारांत कठीण पोलादाचे पत्रे असतात, आणि फटींतून गोळी शिरूं नये म्हणून ते सांध्यांपाशीं एकमेकांवर चढविलेले असतात. खिडकीच्या कांचेचे बाहेरचे थर फुटतांना गोळीचा वेग खातात, आणि आंतला चिवट प्लॅस्टिकचा थर उडालेले तुकडे अडवितो. तळ व दारांचे सांधे बळकट केल्यानें स्फोटाचा दाब कांहीं मर्यादेपर्यंत सोसतो. टायर फुटला तरी आंतील कड्यावर गाडी थोडें अंतर पळूं शकते.

यांत निंद्य असें आम्हांस कांहीं दिसत नाहीं. ज्याच्या जिवावर कोणी टपला आहे त्यानें चिलखत घालावें, हें न्याय्यच. परंतु मोटारीचें दार लागतें तेथें तिचें संरक्षण संपतें. मग रस्त्यावरील माणसानें कोणत्या चिलखतावर विसंबावें?

याचें उत्तर याच श्रीवर्धन तालुक्यांत आहे. 1993 सालच्या आरंभीं दिघी व शेखाडी येथें हत्यारें आणि आरडीएक्स उतरविण्यांत आलीं. वाट रोखणें हें ज्यांचें काम, त्यांतील कांहीं कस्टम अधिकाऱ्यांनीं व पोलिसांनीं लाच घेऊन ती मोकळी केली, असें विशेष न्यायालयानें 2006 सालीं ठरविलें. 12 मार्च 1993 रोजीं मुंबईंतील स्फोटांत 257 माणसें मेलीं. त्या माणसांचें चिलखत म्हणजे ती चौकी होती. तिला भोंक पाडावयास एक गोळीही खर्चावी लागली नाहीं; लोभ पुरला.

आणि आपलें काम लवकर व्हावें म्हणून चौकीवरील हातावर चार पैसे ठेवतांना आम्हीही तोच लोभ पोसतों. कर्णानें कवच दिलें तें स्वतःचें होतें, म्हणून तें दान ठरलें. पहारेकऱ्याजवळचें कवच दुसऱ्यांचें असतें. तें देण्याचा त्याला अधिकार नाहीं, आणि मागण्याचा आम्हांलाही नाहीं.