चौरंग आणि भूतदया

सप्ताहात पोथीस चौरंग हवा होता. भाई कोतवाल व हिराजी पाटील २ जानेवारी १९४३ रोजी जेथे गोळीबारात धारातीर्थी पडले, त्या सिद्धगडाच्या पायथ्याकडील आम्ही माणसे. नवा सागवानी परवडेना, म्हणून मुरबाडहून जुना आणला. पॉलिश कागदाने रंग घासला, तो टाचणीएवढी छिद्रे अन् खाली पिठासारखा भुसा! सागाच्या गाभ्यास कीड सहसा लागत नाही. कडेच्या पांढऱ्या लाकडास लागते. तशी एक पट्टी रंगाखाली दडवलेली होती.

सुतारदादा म्हणाले, "बुवा, सुईने औषध सोडा, भोकांत मेण भरा, वर चपड्याचे दोन हात द्या."

एका माळकऱ्याने हात आखडला. जी पोथी भूतदया सांगते, तिच्या आसनासाठी जीव मारावयाचे? ही शंका थट्टेवारी नेण्याजोगी नव्हे. बरे, चपडा तरी काय? लाखेच्या किड्यांनी फांदीवर केलेले घरच ते; खरवडताना किती मरतात, कोण मोजतो! पुडीत बांधून आला म्हणजे सोवळा झाला काय? उन्हात ठेवावा म्हटले, तर तेथेही ते मरणारच. फक्त आमचा हात दिसणार नाही. ही सोय आम्हांस पटली नाही.

शेवटी किडकी पट्टीच काढून रानात नेऊन ठेवली व जुन्या दाराचा सागाचा तुकडा बसविला. दोन छिद्रे उरली. तेथून कीड देवळाच्या तुळईस लागेल, म्हणून त्यांत औषध सोडावेच लागले. ते काम त्या माळकऱ्यानेच मागून घेतले.