माशांच्या टोपलीतला देवमासा

मालवणच्या मासळी बाजारात सकाळी शिरलं की आधी नजरेत भरते ती मांडणी. बांगड्यांचे वाटे एका ओळीत, सुरमई फळीवर आडवी, मोरीचं राखाडी धूड कोपऱ्यात, सुंगटं वेगळ्या पाटीत, कुर्ल्या नांगे बांधून बाजूला आणि तिसऱ्यांचा ढीग विकणारीच्या पायाशी. कुर्ली काही मासा नव्हे, तिसरी तर नव्हेच. ‘काकी, बांगडे कशे?’ असं विचारणाऱ्या गिऱ्हाइकाला हे ठाऊक असतं, पण त्यावाचून कुणाचं अडत नाही. बाजार मासळीचाच.

हीच मांडणी चिनी लिपीत केली तर टोपल्या बदलतात. बांगड्याच्या कुळातल्या माशाचं अक्षर पाहावं. डावीकडे ‘मासा’ हे चिन्ह, उजवीकडे ‘छिंग’ असा उच्चार सांगणारा भाग. छिंग म्हणजे निळसर हिरवा रंग. ताज्या बांगड्याची पाठ पाहिलेल्याला हा भाग नुसता उच्चारापुरता आहे हे पटायला जड जाईल. मोरीच्या, म्हणजे शार्कच्या, अक्षरात खाली मासा आणि वर ‘शा’, म्हणजे रेती. इथेही रेती आली ती उच्चारासाठी, पण मोरीच्या कातडीवरून एकदा उलटा हात फिरवावा! सुंगटं, कुर्ल्या आणि तिसऱ्या मात्र माशांच्या टोपलीत नाहीत. त्यांच्या अक्षरांना चिन्ह लागतं किड्याचं, आणि ते चिन्ह मुळात सापाचं चित्र होतं.

अक्षराची जात सांगणाऱ्या या भागाला इंग्रजीत ‘रॅडिकल’ म्हणतात. रॅडिकल म्हणजे मूळ, म्हणून हाच अक्षराच्या अर्थाचा गाभा, अशी समजूत होते. चिनी शब्द जास्त प्रामाणिक आहे : बुशौ. ‘बु’ म्हणजे विभाग, ‘शौ’ म्हणजे डोकं. विभागाच्या माथ्यावर लावलेली पाटी, एवढंच. ही पाटी लावली ती कोशकारांनी. इसवी सन १००च्या सुमारास शू शेन यांनी ९,३५३ अक्षरं ५४० विभागांत लावली. पुढे विभाग कमी होत २१४वर आले आणि १७१६च्या कांगशी कोशानं तीच संख्या रूढ केली. त्या कोशात सत्तेचाळीस हजार अक्षरं आहेत. बाराखडी नसलेल्या लिपीत शब्द शोधायचा कसा, या अडचणीवरचा हा तोडगा : आधी पाटी ओळखायची, मग उरलेल्या रेघा मोजायच्या.

पाटी एकदा लागली की काढणं कठीण. देवमाशाच्या चिनी अक्षरात मासा आहे. तो पिल्लांना दूध पाजतो हे कळलं तरी अक्षर हललं नाही. मराठीनं तरी काय वेगळं केलं? तारकर्ली-देवबागला पर्यटक होडीतून डॉल्फिन पाहायला जातात. चिनीत त्याचं नाव ‘समुद्री डुक्कर’, आणि डुकराचं ते अक्षर डुकरांच्याच विभागात बसतं. म्हणजे सस्तन प्राण्यांत त्याची वर्णी बरोबर लागली, तीही चुकून!

शब्दांचे वर्ग पाडणं आपल्याला अनोळखी नाही. अमरकोशाच्या वारिवर्गात समुद्र, नाव, मासा, खेकडा, बेडूक सगळे शेजारी आहेत. मालवणसमोरच्या कुरटे बेटावर १६६४मध्ये सिंधुदुर्गाचं काम सुरू करणाऱ्या शिवाजी महाराजांनी पुढे राज्यव्यवहारकोश करवून घेतला, त्याचेही दहा वर्ग आहेत. त्यात दुर्गवर्ग आहे, पण्यवर्गही आहे. मात्र इथे वर्ग पानाच्या माथ्यावर राहतो. ‘दुर्ग’ हा शब्द लिहिताना त्यात कुठे दगडाची खूण उमटत नाही. चिनीत वर्ग अक्षराच्या पोटात शिरतो आणि मग अक्षर जिथे जाईल तिथे जातो.

सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांच्या नावातही तो गेला. १९३८मध्ये ते चीनला गेले आणि तिथे ‘क दिह्वा’ झाले. पहिली दोन अक्षरं घेतली ती कोटणीस या उच्चाराशी जवळीक साधायला. पण दोन्हींच्या डावीकडे ‘झाड’ उभं आहे, आणि तिसऱ्याच्या, म्हणजे चीन या अर्थाच्या ‘ह्वा’च्या, जुन्या रूपात डोक्यावर गवत. उच्चारासाठी घेतलेल्या नावात रानच उगवलं.

सगळ्यांत बोलकी पाटी शिंपल्याची. खरं तर ती कवडी. प्राचीन चीनमध्ये कवड्यांना मोठं मोल होतं. आन्यांगला १९७६मध्ये सापडलेल्या फू हाओ राणीच्या थडग्यात हजारो कवड्या निघाल्या. म्हणून माल, खर्च, कर्ज, बक्षीस, महाग आणि हलका, या सगळ्यांच्या अक्षरांत कवडी आहे. ‘गरीब’च्या अक्षरात वर ‘वाटणी’ आणि खाली कवडी. ‘विकत घेणं’ म्हणजे कवडीवर जाळं. १९५६पासून चीनमध्ये लिपी सोपी करायला घेतली तेव्हा ‘विकत घेणं’ आणि ‘विकणं’ या दोन्हींतली कवडी गेली. गरिबाची तेवढी राहिली, सोप्या रेघांत.

मराठीनं कवडी अक्षरात नाही, तोंडात ठेवली : फुटकी कवडी, कवडीचुंबक, कवडीमोल. तारली एकदम भरपूर लागली की लिलावात भाव कोसळतो. मग होडीवाला मोबाइलवर आलेली रक्कम पुन्हा पुन्हा पाहतो आणि शेजारच्याला सांगतो, कवडीमोलानं गेली.