‘काही झालं नाही’ हे उत्तर नव्हे

शिबिराचा दुसरा दिवस. तंबू उभे राहिले होते, चुलीचा चर खणून झाला होता, रात्रीच्या शेकोटीची लाकडं रचून ठेवली होती. माझ्या स्काउट पथकातली बावीस मुलं नदीच्या काठावर उभी राहून एकदा पाण्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघत होती. ‘सर, फक्त कमरेएवढ्या पाण्यात. दहाच मिनिटं.’ शिबिराच्या परवानगीत पोहण्याचा उल्लेख नव्हता, पालकांच्या संमतिपत्रातही नव्हता. पण मला चांगलं पोहता येत होतं, पाणी संथ होतं आणि मुलं दिवसभर उन्हात राबली होती. मी हो म्हणालो.

मुलं पाण्यात होती तोवर मी डोकी मोजत होतो. बावीस. पुन्हा बावीस. मग एकदा एकवीस. त्यानंतरचे काही क्षण मला आजही जसेच्या तसे आठवतात. घशाला पडलेली कोरड, शिट्टी तोंडापर्यंत नेताना थरथरणारा हात आणि मनात एकच प्रश्न: याच्या आईला काय सांगू? बाविसावा खडकाच्या आडोशाला बसून शर्ट पिळत होता. शिबिर छान पार पडलं. पालकांनी आभार मानले. काही झालं नाही.

खरी चूक पुढच्या वर्षी झाली. त्याच नदीवर, मुलांनी विचारायच्या आधीच मी ‘चला’ म्हणालो. म्हशी घेऊन आलेल्या एका म्हाताऱ्या बाबांनी हटकलं. ‘मास्तर, वरच्या अंगाला वाळू उपसलीया. मागल्या साली गुडघाभर व्हतं तिथं आता माणूस गडप व्हईल. खड्डं कुठं पडल्यात ते आमालाबी ठावं न्हाई.’ मी शिट्टी वाजवली आणि सगळ्यांना मागे बोलावलं. त्या रात्री मुलं झोपल्यावर शेकोटीच्या निखाऱ्यांपाशी बसलो असताना लख्ख कळलं, की आदल्या वर्षी मी विवेकानं वागलो नव्हतो. माझं नशीब बलवत्तर होतं, एवढंच. आणि त्या नशिबालाच मी वर्षभर अनुभव समजून बसलो होतो.

*

मुलांना घेऊन घराबाहेर पडणाऱ्या प्रत्येकासमोर हा प्रश्न येतो. नियमावर बोट कुठे ठेवायचं आणि आपलं तारतम्य कुठे वापरायचं? आपल्याकडे स्काउट मास्तर किंवा गाइड कॅप्टन म्हणजे बहुतेक वेळा शाळेतलेच सर किंवा बाई. तास घेऊन, पेपर तपासून, वर हे काम. त्याचा वेगळा पगार नाही. बेसिक कोर्स, मग ॲडव्हान्स्ड, आणि चिकाटी असलेल्यांसाठी हिमालयन वुड बॅज, अशा प्रशिक्षणाच्या पायऱ्या आहेत. पण नदीकाठी उभं राहिल्यावर बरोबर कुणी प्रशिक्षक नसतो. मुख्याध्यापकांना शिबिर निर्विघ्न हवं असतं, मुलांना मजा हवी असते, पालकांना दोन्ही हवं असतं.

अशा वेळी एक समजूत हळूच डोकं वर काढते. ‘आम्ही फुकट वेळ देतो, आमच्याकडून किती अपेक्षा करणार?’ भारत स्काउट्स आणि गाइड्स ही संस्था ७ नोव्हेंबर १९५० रोजी उभी राहिली, तेव्हा तिचे पहिले राष्ट्रीय आयुक्त झाले पंडित हृदयनाथ कुंझरू. पुण्यात गोखल्यांनी १९०५ मध्ये स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाचे ते अध्यक्ष होते. त्या समाजात सेवा हे आयुष्याचं व्रत होतं, फावल्या वेळचं काम नव्हतं. ती परंपरा सांगायची, तर पगार न घेतल्यानं जबाबदारी कमी होते असं म्हणता येणार नाही. पालक मूल आपल्या हाती देतात तेव्हा आपल्याला मानधन मिळतं की नाही, हे ते विचारत नाहीत.

*

स्काउट चळवळीचा जन्मच मुलांवरच्या विश्वासातून झाला. १ ते ८ ऑगस्ट १९०७ या आठवड्यात रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडच्या ब्राउनसी बेटावर वीसेक मुलं नेली. काही बड्या शाळांतली, काही कामगारवस्तीतली. त्यांचे चार संघ पाडले आणि प्रत्येक संघाची सूत्रं एका मुलाच्याच हाती दिली. मोठ्यांनी हुकूम सोडायचे आणि मुलांनी पाळायचे, या त्या काळच्या रीतीला हा मोठा छेद होता.

पण पाचच वर्षांत या विश्वासाची दुसरी बाजू समोर आली. ४ ऑगस्ट १९१२ रोजी लंडनच्या वॉलवर्थ भागातलं एक पथक शिडाच्या बोटीतून शेपी बेटावरच्या लेसडाउनला शिबिरासाठी निघालं होतं. किनारा जवळ आला असताना वावटळ आली आणि बोट उलटली. नऊ मुलं बुडाली. बोटीवर मोठी माणसं होती, वाचवण्याची धडपडही झाली. लंडनच्या ननहेड दफनभूमीत त्या मुलांचं स्मारक आहे. आपल्यालाही अशी तारीख ठाऊक आहे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात सहलीला आलेले पुण्याचे चौदा महाविद्यालयीन विद्यार्थी बुडाले आणि त्यानंतर राज्यातल्या सहलींवरची बंधनं कडक झाली.

परिपत्रकाची भाषा रुक्ष असते. ‘घेऊ नये’, ‘करू नये’, ‘जबाबदारी संबंधितांची राहील’. वाचताना कंटाळा येतो. पण त्यातल्या पुष्कळशा ओळींमागे कुणाचं तरी घरी न परतलेलं मूल आहे. अमेरिकन स्काउटांच्या पोहण्याच्या नियमात आठ मुद्दे आहेत. प्रशिक्षित देखरेख, आरोग्याची माहिती, सुरक्षित जागा, बचावाची तयारी, टेहळणी, पोहता येण्यानुसार गट, जोडीदार आणि शिस्त. जोडीदार म्हणजे प्रत्येक मुलाची एकाशी जोडी. शिट्टी वाजली की दोघांनी एकमेकांचा हात धरून वर करायचा. मी काठावरून एकटा बावीस डोकी मोजत होतो, तिथे अकरा जोड्यांनी एकमेकांना मोजलं असतं. आठांपैकी एकही मुद्दा माझ्या त्या दुपारी धड नव्हता. जागा सुरक्षित आहे हेसुद्धा मी नुसतं पाण्याकडे बघून ठरवलं होतं.

नियमांचा अतिरेकही होतो, हे मान्य करायलाच हवं. याच अमेरिकन संघटनेच्या सुरक्षा-पुस्तिकेत पाण्याच्या पिचकाऱ्या माणसांवर रोखू नयेत, निशाणावरच माराव्यात आणि पाण्याचे फुगे पिंगपाँगच्या चेंडूपेक्षा मोठे नसावेत, असंही लिहिलेलं होतं. रंगपंचमी खेळलेल्या आपल्या मुलांना हे सांगून पाहा! अशा नियमांचा तोटा वेगळाच असतो. पिचकारीचा नियम हसत मोडणाऱ्याचा हात नदीचा नियम मोडतानाही अडखळत नाही. म्हणून नियम करणाऱ्यांनी जीव जाऊ शकतो अशा गोष्टी वेगळ्या, ठळक आणि थोड्या ठेवाव्यात.

*

पाण्याहून भयंकर धोका माणसातच असतो, आणि तिथे मोठ्यांच्या तारतम्यानं जगभर दगा दिला आहे. बॉय स्काउट्स ऑफ अमेरिका ही संस्था संशयित प्रौढांच्या गोपनीय फायली अनेक दशकं ठेवत होती. १९६५ ते १९८५ या काळातल्या बाराशेहून अधिक फायली २०१२ मध्ये ओरेगॉन राज्याच्या न्यायालयाच्या आदेशानं उघड झाल्या. कित्येक प्रकरणं पोलिसांपर्यंत गेलीच नव्हती. माणसाला गुपचूप बाजूला केलं गेलं आणि काही जण दुसरीकडे पुन्हा मुलांमध्ये पोचले. फेब्रुवारी २०२० मध्ये संस्थेनं दिवाळखोरीचा अर्ज केला, त्यानंतर लैंगिक अत्याचाराचे ८२ हजारांहून अधिक दावे पुढे आले. हे झाकणारे सगळेच दुष्ट नव्हते. ‘मुलाची बदनामी होईल’, ‘चळवळीचं नाव खराब होईल’, ‘माणूस तसा चांगला आहे’ अशा प्रामाणिक वाटणाऱ्या कारणांनी त्यांनी आपापल्या परीनं निर्णय घेतले होते. त्यांची किंमत मुलांनी मोजली.

आता तिथे कोणत्याही कार्यक्रमाला किमान दोन नोंदणीकृत प्रौढ लागतात आणि एका प्रौढानं एका मुलाला एकांतात भेटायचं नाही. आपल्याकडे २०१२ च्या पॉक्सो कायद्याचं कलम १९ याहून स्पष्ट आहे. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं किंवा होण्याची भीती वाटली, तर ते पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. ‘आधी मुख्याध्यापकांशी बोलतो’, ‘आधी खात्री करून घेतो’ याला त्यात जागा नाही. खात्री करणं हे पोलिसांचं काम आहे. काही शिक्षकांना हा कायदा त्यांच्यावरचा अविश्वास वाटतो. मला तो आधार वाटतो. एकट्या माणसाला पेलवणार नाही असा निर्णय त्यानं माझ्या खांद्यावरून काढून घेतला आहे.

*

मग तारतम्याला जागा उरते कुठे? भरपूर उरते, आणि खरं स्काउटिंग तिथेच चालतं.

खरी कमाई हा उपक्रम घ्या. मुलानं स्वतः कष्ट करून चार पैसे मिळवायचे आणि लॉगबुकात नोंद करायची. सातवीतल्या एका मुलानं लिहिलं होतं, ‘शेजारच्या काकूंचं अंगण झाडलं, पन्नास रुपये.’ अक्षर त्याचंच, पण नजर खाली. जवळ बसवून विचारलं, तेव्हा म्हणाला, ‘पप्पांनी दिले सर. म्हणाले, लिहून टाक काहीतरी.’ स्काउटच्या नऊ नियमांतला पहिलाच नियम आहे विश्वसनीय असण्याचा. नियमानं पाहिलं तर नोंद खोटी. पण विचारल्याबरोबर त्या मुलानं खरं सांगितलं होतं, आणि खोटं घरातून आलं होतं. मी नोंद खोडली नाही. त्यालाच खोडायला लावली, आणि पुढच्या रविवारी खरोखरच काकूंचं अंगण झाडायला पाठवलं. त्याचे वीस रुपये मिळाले. ते घेऊन तो धावत आला, तेव्हा त्या मुठीतली नोट घामानं भिजली होती.

त्याच वर्षी दुसरा मुलगा पुढे आला. तो रोज पहाटे मामाच्या चहाच्या गाड्यावर कपबश्या धुवायचा आणि मिळेल ते घरी द्यायचा. आमच्या पथकाच्या रीतीप्रमाणे खरी कमाई उपक्रमाच्या आठवड्यातली असायला हवी आणि तिचा काही वाटा पथकाच्या निधीत जायला हवा. याची कमाई रोजची, आणि वाटा द्यायला हाती काही नाही. मी निर्णय स्वतः घेतला नाही. संघनायकांची मानसभा बोलावली. चार संघनायक, वयं तेरा-चौदा. अर्धा तास चर्चा झाली. शेवटी एक जण म्हणाला, ‘सर, आपण आठवडाभर करतो ते तो वर्षभर करतो. त्याच्याकडून पैसे कसले घ्यायचे? त्यानं आम्हाला शिकवावं.’ पुढच्या शिबिरात भांडी घासण्याची सगळी व्यवस्था त्या मुलाच्या हाती होती. पुस्तकात शोधून हे उत्तर मला सापडलं नसतं.

गाठींच्या परीक्षेतही हेच. एका मुलाचा डावा हात अधू होता. त्याला गाठीतून सूट द्यावी, असं मला वाटत होतं. त्यानं सूट नाकारली आणि तो एका हातानं कमरेभोवती बोलाईनची गाठ बांधायला शिकला. बुडणाऱ्या माणसाचा दुसरा हात दोराला लटकलेला असतो, तेव्हा हीच रीत कामी येते. दया म्हणून मी अट शिथिल केली असती, तर त्याच्याकडून एक मोठी गोष्ट हिरावून घेतली असती. स्काउटच्या वचनात मूल शक्य तितका प्रयत्न करण्याचं वचन देतं. बेडन-पॉवेल यांचाही आग्रह असा, की बॅज देताना मुलानं किती प्रयत्न केला ते पाहावं. त्या ‘शक्य तितक्या’चं माप प्रत्येक मुलासाठी वेगळं असतं, आणि ते ठरवायला मुलाला ओळखणारा माणूस लागतो. परिपत्रकाला ते जमत नाही.

*

इतक्या वर्षांनी माझ्यापुरती एक कसोटी ठरली आहे. मुलाचा जीव, मुलाचं शरीर आणि मुलाची एकांतातली सुरक्षितता यांबाबतचा नियम मोडायचा नाही; कितीही अनुभव असो, मुलांनी कितीही गळ घालो. बाकी ठिकाणी नियम वाकवावा लागला, तर तो मुलाच्या भल्यासाठी वाकवायचा, स्वतःच्या सोयीसाठी कधीच नाही. आणि तो उघडपणे वाकवायचा. पालकांच्या सभेत, मुलांच्या देखत, दुसऱ्या शिक्षकासमोर जो निर्णय मोठ्यानं सांगता येतो त्यालाच मी विवेक म्हणतो. जो सांगताना आवाज खाली येतो, ती पळवाट. नदीची ती पहिली दुपार मी पालकांना सांगितली नव्हती. मी चुकलो होतो, हे तेवढ्यावरूनच कळायला हवं होतं.

निर्णय चांगला होता की वाईट, हे परिणामावरून ठरवण्याची सवय आपल्याला सोडावी लागेल. मूल सुखरूप परतलं म्हणून निर्णय बरोबर ठरत नाही. घाटात चुकीच्या बाजूनं गाडी पुढे काढणारेही बहुतेक वेळा घरी पोचतात.

वाचकांपैकी अनेकांची मुलं या हिवाळ्यात शिबिराला, सहलीला, गडावर जातील. संमतिपत्रावर सही करण्याआधी ते पूर्ण वाचा. बरोबर दुसरे मोठे कोण आहेत, हे विचारा; विचारणं म्हणजे अविश्वास नव्हे. आणि मूल घरी येऊन रडवेलं होऊन म्हणालं, ‘सरांनी पाण्यात उतरूच दिलं नाही,’ तर त्या सरांना दुसऱ्या दिवशी फोन करा आणि सांगा, ‘बरं केलंत.’ बिनपगारी काम करणाऱ्या त्या माणसाला पुढच्या वर्षी पुन्हा ‘नाही’ म्हणायचं बळ त्या दोन शब्दांतून मिळेल.