पाणी येतंय कुठनं?

राजहंसगडावर ढग टेकला, की येळ्ळूरच्या शिवारात पाऊस पोहोचायला वेळ लागत नाही. बेळगावात वर्षाला १२०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि त्यातला मोठा वाटा एकट्या जुलैचा. गावातून वडगावकडे जाणाऱ्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी भात. जोराची सर आली तर थांबायला आडोसा नाही, आणि पश्चिमेचा वारा सायकलवाल्याला आडवा झोडपतो. बळ्ळारी नाला फुगला की बांध कुठला आणि वाफा कुठला, तेही कळत नाही.

या रस्त्याने बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाऊंड्रीत कामाला जाणाऱ्या पोराची ही गोष्ट. आयटीआय करून तो नुकताच कंत्राटावर लागला होता. पहिली पाळी सकाळी सातची. मोटारसायकल घ्यायची ऐपत नव्हती, आणि पाळीच्या वेळेला बस मिळेलच असा भरवसा नव्हता. म्हणून सायकल. कॉलेजात असताना हौसेने घेतलेली, जाड टायरची, दिसायला देखणी. तिला मडगार्ड नव्हतं. बापाची जुनी ॲटलास गोठ्यात भिंतीला टेकून पडली होती. ती कंपनी १९५१ साली सोनीपतला सुरू झाली आणि तिचा साहिबाबादचा शेवटचा कारखाना ३ जून २०२० रोजी, नेमक्या जागतिक सायकलदिनी, बंद पडला. पोराच्या लेखी ॲटलासचे दिवस त्याच्याही आधी संपले होते.

पावसाळ्याच्या पहिल्याच आठवड्यात तो कारखान्याचे सेफ्टी बूट घालून सायकलवर निघाला आणि पोहोचेपर्यंत बूट आतून थबथबले. फोरमनने त्याच्या पायांकडे पाहिलं आणि त्याला ओतकामावरून बाजूला काढलं. रागाने नव्हे. बिडाचं ओतकाम सुमारे १४०० अंश सेल्सिअसला चालतं. वितळलेल्या लोखंडाखाली पाणी सापडलं तर त्याची क्षणात वाफ होते, वाफ पाण्याच्या सुमारे १७०० पट जागा मागते, आणि वरचं लोखंड चहूकडे उडतं. म्हणून साचा, पळी, जमीन सगळं कोरडं ठेवायचं. भट्टीजवळच्या माणसाचा बूटही कोरडाच हवा, कारण ओल्या चामड्याला झळ लागली की आतल्या ओलीची वाफ होऊन पाय भाजतो. पोराला त्या दिवशी झाडू मिळाला. कंत्राटी माणसाच्या हातात असा झाडू चार-सहा वेळा आला, की पुढच्या महिन्याच्या यादीत आपलं नाव असेल का, ही धाकधूक सुरू होते.

त्या रात्री त्याने बूट चुलीशी ठेवले. सकाळी चामडं कडक झालं होतं आणि एका तळव्याचा डिंक सुटला होता. मग त्याने गमबूट आणले. गुडघ्याच्या खालपर्यंत येणारे, काळे, रबरी. रेनकोटाची पँट त्यांत नीट खोचून निघाला. उद्यमबागेत पोहोचून बूट उलटे केले, तर दोन्हींतून पाणी सांडलं.

गमबूट वाईट नव्हेत. हायरम हचिन्सन या अमेरिकन माणसाने गुडइयर या संशोधकाची रबर पक्कं करण्याची कृती घेतली आणि १८५३ साली फ्रान्समध्ये असे बूट काढायला सुरुवात केली. लाकडी खडावा घालून चिखलात राबणारे तिथले शेतकरी त्यांमुळे कोरड्या पायांनी घरी येऊ लागले. पण शेतकरी उभा असतो. त्याच्या अंगावरचं पाणी कोटावरून बुटाच्या बाहेर गळतं. सायकलवाला बसलेला असतो. पाऊस त्याच्या मांडीवर साचतो, पाय वर-खाली होताना नडगीवरून उतरतो, आणि पँट आत खोचलेली असेल तर सरळ बुटात जातो. तिथून बाहेर पडायला त्याला वाट नसते.

पोराने गमबुटाच्या तोंडाशी प्लास्टिक गुंडाळून चिकटपट्टी लावली. आता वरून थेंब गेला नाही, पण पाय घामाने ओले झाले. शेवटी त्याने मोबाईलवर महागडे वॉटरप्रूफ बूट पाहून ठेवले. किंमत अर्ध्या पगाराएवढी. कंत्राटदाराकडून उचल घ्यायची असं ठरवून तो रात्री जेवताना घरात बोलला.

याला उधळेपणा म्हणायला माझं मन धजत नाही. नोकरी जाईल या भीतीने माणूस जो खर्च करतो, त्यात चैन कुठली? गरिबाचे पैसे बहुतेक वेळा असेच जातात, घाईत आणि धास्तीत.

आज्जी भाकरी थापत होती. तिने विचारलं, "बूट घेऊलास ते घे की. पण तुझ्या पायात पाणी येतंय कुठनं, ते बघितलास काय?"

"पावसातनं. अजून कुठनं?"

"पाऊस डोक्यावर पडतोय. पायात कुठनं गेला?"

त्याच्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. सकाळी पाऊस उघडला होता, पण रस्ता ओलाच होता. आज्जीने त्याला अनवाणी सायकलवर बसवून चांगळेश्वरीच्या देवळापर्यंत जाऊन यायला सांगितलं. तो परत आला तेव्हा आभाळातून एकही थेंब पडला नव्हता, तरी पावलं, बोटं आणि नडग्या चिखलाच्या पाण्याने भरल्या होत्या.

हे पाणी पुढच्या चाकाचं होतं. फिरणारं टायर रस्त्यावरचं पाणी उचलतं आणि सुटेल तिथून सरळ रेषेत फेकतं. पेडलवरचं पाऊल बरोबर त्याच्या माऱ्यात येतं. बूट कितीही भारी असला तरी सगळी वाट त्याच्यावर हा मारा चालूच राहतो. तो अडवायचा चाकापाशी. पोराने गोठ्यातली ॲटलास बाहेर काढली. तिला दोन्ही चाकांना पुरं मडगार्ड होतं आणि साखळीवर पत्र्याचं झाकण. पुढच्या मडगार्डच्या खालच्या टोकाला रबराचा तुकडा असावा लागतो, तो कधीच तुटून गेला होता. पंक्चरवाल्याकडून मोटारसायकलची जुनी ट्यूब आणून त्याने रुंद पट्टी कापली आणि दोन नटबोल्टांनी अशी बसवली, की खालची कड जमिनीपासून चार बोटं वर राहील. ट्यूब फुकट मिळाली. इतक्या दिवसांचं अर्धं पाणी त्या पट्टीने थांबवलं.

मग आज्जीने त्याला ओसरीखाली उभं करून वर पाहायला सांगितलं. "वरच्या कौलाची कड खालच्या कौलावर येत्या का त्याच्या खाली जात्या?"

"वर येत्या."

"मग पँट बुटात कशाला कोंबलास?"

कौलं घालणारा माणूस ही गोष्ट कधी चुकत नाही. वरचं नेहमी खालच्यावर आलं पाहिजे, म्हणजे पाणी कडेवरून पुढे जातं. पोराने रेनकोटाची पँट बाहेर काढली आणि घोट्यापाशी सैल रबर बांधलं, म्हणजे ती साखळीतही अडकणार नाही.

इथपर्यंत सगळं पाणी अडवण्याचं झालं. आज्जीचं खरं म्हणणं पुढेच होतं. "एवढं करूनबी आषाढात पाय भिजणार. भिजू दे. पाय भिजला म्हणून काय होत न्हाई. भिजलेला ठेवू नको."

हे ती पुस्तकातून शिकली नव्हती. येळ्ळूरचा बासमती नावाजलेला; पण त्या भाताची रोप लावण करताना बायका दिवसभर चिखलात वाकून उभ्या असतात. बोटांच्या बेचकीतली कातडी पांढरी पडून नरम होते, सुटते, तिथे बुरशी वाढते, आग होते आणि चिरा पडतात. त्याला चिखल्या म्हणतात. ही बुरशी ओलीवर जगते, म्हणून दुखण्याचं मूळ ओल किती वेळ राहिली यात असतं. घरी आल्यावर स्वच्छ पाण्याने पाय धुणं, प्रत्येक बेचकीत फडकं फिरवणं, मग खोबरेल तेल लावणं, हे आज्जीने पन्नासेक पावसाळे केलं होतं.

गल्लीतला मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेला हवालदारही तेच बोलला. या रेजिमेंटचं केंद्र बेळगावात, त्यामुळे आसपासच्या गावांत असे फौजी पुष्कळ. "पाठीवरच्या पिठ्ठूत कोरडा मोजा पाहिजेच. पाणी कमी भरलंस तरी चालेल," तो म्हणाला. या शिस्तीमागे मोठी किंमत आहे. पहिल्या महायुद्धात फ्रान्स आणि फ्लँडर्सच्या खंदकांत हजारो सैनिकांचे पाय थंड चिखलपाण्यात राहून सडले. कित्येकांची बोटं, पावलं कापावी लागली. मग रोज पाय तपासण्याचे, तेल चोळण्याचे आणि मोजे बदलण्याचे हुकूम निघाले, जोडीजोडीने एकमेकांचे पाय बघायची पद्धत पडली, आणि हे दुखणं पुष्कळ आटोक्यात आलं. त्यात नव्या बुटापेक्षा कोरड्या मोज्याचा आणि दुसऱ्याच्या पायावर ठेवलेल्या नजरेचा वाटा मोठा होता.

पोराने सेफ्टी बूट कारखान्यातच ठेवायला सुरुवात केली. सायकलवर तो मागे पट्टा असलेली प्लास्टिकची सँडल घालू लागला. साधी चप्पल ओल्या पेडलवरून निसटते, आणि ट्रकच्या रहदारीत ते जिवावर बेतू शकतं. डब्याच्या पिशवीत दुधाच्या दोन रिकाम्या, धुतलेल्या पिशव्या. एकीत जुन्या धोतराचा तुकडा, दुसरीत सुती मोजे. पोहोचल्यावर तो नळाखाली पाय धुई, बोटांच्या मधे नीट पुशी, जरा वेळ उघडे ठेवी, आणि मग कोरड्या मोज्यांवर कोरडे बूट चढवी. दिवसभराचा घाम टिपायला रात्री बुटांत जुनी वर्तमानपत्रं कोंबून ठेवी आणि सकाळी काढून टाकी. चुलीच्या झळीने चामडं मरतं. कागद सावकाश ओल ओढतो आणि बूट टिकतो. जे दिवसभर फिरतीवर असतात त्यांना हे साधणार नाही. त्यांनी बुटाच्या आत, दोन मोज्यांच्या मधे प्लास्टिकची पिशवी घालावी. मात्र अर्ध्या-पाऊण तासाच्या वर ती ठेवू नये, घामाने पाय तसेच ओले होतात.

तो परत ओतकामावर लागला. उचल घ्यावी लागली नाही.

जुलैच्या मध्यात घरच्या शेतात रोप लावण निघाली. सुट्टी होती म्हणून तोही गेला. गमबूट घरी पडून होते, ते त्याने आज्जीसाठी नेले. आज्जीने एक पाय घालून चिखलात ठेवला, उचलायला गेली तर पाय वर आला आणि बूट खाली राहिला. म्हणूनच लावण अनवाणी होते. दुपारी बायका भाकरी खायला बांधावर बसल्या, तेव्हा त्याचं लक्ष एकेकीच्या पायांकडे गेलं. आज्जीच्या दोन्ही करंगळ्यांच्या बेचकीत कातडी सुटली होती. आईच्याही. गेला महिनाभर घरात फक्त त्याच्या पायांची चर्चा झाली होती, आणि ज्या पायांनी त्याला सगळं शिकवलं त्यांच्याकडे त्याने पाहिलंच नव्हतं.

संध्याकाळी तो बायकांच्या आधी घरी आला. चुलीवर पाणी तापत ठेवलं. जुनी धोतरं फाडून जितक्या बायका तितके तुकडे केले, तेलाची बाटली ओसरीवर आणून ठेवली. आज्जी आली तशी तो तिच्यासमोर खाली बसला आणि पाय पुढे कर म्हणाला.

"माझं नंतर," आज्जी म्हणाली. "आधी धाकट्या काकूचं बघ. तिच्या बोटांत चिरा पडल्यात, तेलानं भागायचं न्हाई. उद्या पाळी सुटल्यावर तिला दवाखान्यात दाखवून आण."

"होय," तो म्हणाला, आणि फडकं घेऊन काकूकडे वळला.